उभं पोहणं

"हे नको," बाई म्हणाल्या आणि पायात घालायच्या फिन्सची तिसरी जोडी बाजूला टाकली. "हे तर नकोच. ह्यानं पोहायचं आहे का जमीन नांगरायची आहे?"

होडीतल्या त्यांच्या चार मैत्रिणी खदाखदा हसल्या. सगळ्या साठीच्या पुढच्या, सोलापुरातून आलेल्या. नांगर टाकून पंधरा मिनिटं झाली होती. एरवी मी तेवढ्यात गिऱ्हाइकाला लाइफ जॅकेट चढवून, तोंडावर मास्क लावून, नळी दातांत धरायला शिकवून पाण्यात उतरवलेलं असतं. ह्या बाई मात्र फळीवर पाय पसरून बसल्या होत्या आणि बाजारात भेंडी निवडावी तशा आमच्या फिन्स निवडत होत्या. एका हातात टाच, दुसऱ्या हातात पात्याचं टोक, मग दाबून वाकवायचं आणि तोंड वाकडं करायचं.

"बाई, पाणी थांबणार नाही आपल्यासाठी," मी म्हटलं. "कुठली पण घाला. तुम्हाला पाय हलवायचे नाहीतच. तुम्ही ही तरंगती रिंग धरायची, मी ओढणार."

"पाय माझे आहेत की ओ. दोन्ही गुडघ्यांची वाटी झिजलीय. डॉक्टर म्हणतो ऑपरेशन करा, मी म्हणते थांब. जमिनीवर मी अशी चालते बघा," असं म्हणून त्यांनी बसल्या बसल्याच बदकासारखं डुलून दाखवलं, "पण पाण्यात मला काही होत नाही. फिन मात्र चुकीची घातली तर रात्रभर रडायची पाळी येते. पातं आखूड पाहिजे. टोकाला मऊ आणि मधेही मऊ. हे बघा, तुमचं हे टोकाला वाकतंय आणि मधे लाकूड. असलं पातं पाणी ढकलत नाही, पाणीच त्याला ढकलतं, आणि सगळा हिसका गुडघ्यात येतो."

मग त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. मी घातलेल्या फिन्स सगळ्यात लांब होत्या. काळ्या, कडक, हात-सव्वा हात पात्याच्या. माझा धाकटा भाऊ सुहास दिवाळीआधी गोव्याहून नव्या जोड्या घेऊन आला, तेव्हा मीच पुढे होऊन सगळ्यात लांब जोडी उचलली होती. होडीवरचा जुना माणूस मी. आखूड जोडी मी घालणार होतो होय?

"तुमचे गुडघे कधीपासून दुखतायत?" बाईंनी विचारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण सुहास इंजिनापाशी उभा होता आणि त्याने मान वर केली होती.

ह्याला आता सोळा वर्षं झाली. मी तेव्हा त्रेचाळीसचा होतो. मालवणला पर्यटक यायला लागले तसा आम्ही दोघा भावांनी मासेमारीचा पसारा कमी केला आणि होडीतून लोकांना खडकांपाशी नेऊन मासे दाखवायचा धंदा धरला. सुहास होडी चालवायचा, फोन घ्यायचा, लोकांशी गोड बोलायचा. मी पाण्यात. दिवसाला दहा-बारा माणसं ओढायचो. कुणी रडायचं, कुणी गळ्याला मिठी मारायचं, कुणी पाण्यात ओकायचं. मला सगळं चालायचं. मात्र त्या वर्षी पावसाळ्यानंतर गुडघे बोलायला लागले. होडीवर चढताना उजवा पाय कट्‌ करायचा. सुहासने दोनदा विचारलं होतं, मी ताकास तूर लागू दिली नव्हती. तरी आठ दिवसांपूर्वी तो म्हणालाच होता, "लवूदादा, ढोपरां दुखतत तर सांग. पाण्यात एकादो माणूस हातातसून गेलो तर आपण दोघव जेलात. तू काठार रव, मी दुसरो गाइड बघतंय."

काठावर राहायचं म्हणजे काय, तर शेडमध्ये बसून दिवसभर लोकांच्या लाळेने बरबटलेले मास्क धुवायचे. मी त्याच्यावर असे काही डोळे वटारले होते की तो विषय तिथेच संपला. आणि आता ही सोलापूरची बाई त्याच्यासमोर तोच विषय उकरत होती.

"माझे गुडघे ठणठणीत आहेत," मी म्हटलं.

"बरं," बाई म्हणाल्या. खोक्याच्या तळाशी बायका-पोरांसाठी ठेवलेल्या जुन्या, आखूड, निळ्या फिन्स होत्या. त्यातली एक त्यांनी काढली, वाकवली, आणि पहिल्यांदा त्यांचं तोंड सरळ झालं. "ही. ही केळीच्या पानासारखी आहे. अंगठ्यापासून टोकापर्यंत एकसारखी वाकतेय."

बाईंचं नाव विजया बोल्ली. सोलापुरात एका शाळेच्या पोहण्याच्या तलावावर एकोणतीस वर्षं त्या मुलींना पोहायला शिकवत होत्या, हे त्यांनी पाण्यात उतरता उतरता सांगितलं. मी मनात म्हटलं, टाकी. सिमेंटची टाकी.

पाण्यात उतरल्यावर त्यांनी रिंगला नुसता एक हात लावला आणि तोंड खाली घालून आडव्या झाल्या. जमिनीवर डुलणारी ती बाई पाण्यात अशी काही सरळ झाली की मी बघतच राहिलो. मी नेहमीसारखा रिंगच्या कडेला, दोरी हातात धरून, पायांनी पाणी तुडवत पुढे सरकत होतो. अधूनमधून पावाचा तुकडा सोडत होतो. काळे-पिवळे पट्ट्यांचे मासे गोळा झाले. एरवी माणसं ह्या वेळी नळीतून ओरडतात. बाई गप्प होत्या. माझ्या लक्षात आलं, त्या मासे बघतच नव्हत्या. त्यांचं तोंड माझ्या पायांकडे होतं.

थोड्या वेळाने त्यांनी डोकं वर काढलं, नळी बाजूला केली.

"लवूभाऊ, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"नाही."

"तुम्हाला पोहता येत नाही."

मी हसलो. मला वाटलं थट्टा आहे.

"खरं सांगतेय. तुम्ही पाण्यात उभे असता. सायकल मारल्यासारखे गुडघे वर घेता आणि खाली दाबता. पायात काही नसेल तेव्हा ते चालतं, माणूस बुडत नाही. पण एवढं लांब, कडक पातं लावून सायकल मारायची, वर एक माणूस ओढायचं, आणि असं दिवसातून दहा वेळा. गुडघा लोखंडाचा असता तरी तुटला असता. पाय कमरेतून हलला पाहिजे. गुडघा नुसता बरोबर गेला पाहिजे. आणि त्यासाठी आडवं व्हायला लागतं, तोंड पाण्यात घालून."

मला काय झालं ते आजही शब्दांत सांगता येत नाही. आमच्या घराण्यात कोण कधीपासून दर्यावर आहे ह्याची मोजदाद नाही. माझा बाप, त्याचा बाप, आम्ही जातीचे गाबीत, पिढीजात मासेमारी करणारे. मला चालता येण्याआधी पाण्यात तरंगता येत होतं असं आई सांगते. जाळं अडकलं की पाण्यात उडी मारायची, उभ्याने पाणी तुडवत दोन्ही हातांनी ते सोडवायचं, डोळे होडीवर ठेवायचे, हे आम्ही दहाव्या वर्षी करत होतो. आणि ही बाई, जिने उभ्या आयुष्यात सिमेंटच्या टाकीबाहेर पाणी बघितलं नसेल, ती मला म्हणते पोहता येत नाही.

"चला," मी म्हटलं. "तुम्हाला समुद्र दाखवतो."

"इथे काय वाईट आहे?"

"इथे टाकी आहे. चला."

मी रिंग ओढत खडकाच्या पलीकडच्या अंगाला निघालो. ते मी करायला नको होतं. गिऱ्हाइकाला होडी दिसेल तिथपर्यंतच न्यायचं, हा नियम मीच सुहासला घालून दिला होता. खडकाला वळसा घातला की होडी दिसत नाही. त्यात ओहोटी लागलेली. दोन खडकांच्या मधून पाणी बाहेर ओढतं, हे मला डोळे मिटून ठाऊक होतं. मला बाईंना तेच दाखवायचं होतं. थोडी भीती वाटू दे, थोडी रिंगला घट्ट मिठी मारू दे, मग मी ओढून परत आणणार होतो आणि त्यांच्या मैत्रिणींसमोर विचारणार होतो, काय बाई, पोहता येतं का मला?

ओढ लागली तसा मी पाय जोरात मारायला लागलो. पाच-सहा वेळा मारले असतील. मग उजव्या गुडघ्यात काहीतरी सटकलं आणि पाय अर्धा वाकलेला तसाच अडकला. सरळ होईना, वाकेना. मी डाव्या पायाने रेटलं तर ते लांबलचक पातं पाण्याने आडवं फिरवलं आणि तोही गुडघा असा पिरगळला की माझ्या तोंडून आवाज निघाला. खडक हळूहळू मागे जायला लागला.

बाईंनी एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं. रिंग माझ्या डोक्यावरून घालून काखेखाली अडकवली, दोरी आपल्या खांद्यावरून घेतली आणि पाण्यावर आडव्या झाल्या. ओढीच्या उलट त्या गेल्याच नाहीत. ओढ कापत, तिरक्या, खडकाच्या आडोशाला जायला लागल्या. त्यांच्या त्या आखूड निळ्या फिन्स पाण्याबाहेर दिसतसुद्धा नव्हत्या. पाणी नुसतं मागे उकळत होतं. त्रेसष्ट वर्षांची बाई, दोन्ही गुडघे झिजलेली, ऐंशी किलोच्या बाप्याला ओढत होती, आणि मी रिंगमध्ये लटकत होतो. जसे माझ्याकडे येणारे लोक लटकतात अगदी तसाच.

मला उपकार वाटायला हवे होते. मला फक्त राग येत होता. गुडघ्याचा, त्या काळ्या फिन्सचा, बाईंचा आणि सगळ्यात जास्त माझा.

खडकाच्या आडोशाला पाणी निवांत झालं. तिथे बाई थांबल्या, धापा टाकत होत्या. त्यांनी मला हळूच पाय हलवायला लावला. दोन-तीनदा हलवल्यावर गुडघा कट्‌ करून सुटला. मग त्यांनी रिंग माझ्या अंगातून काढली, आपण धरली, दोरी माझ्या हातात दिली.

"आता ओढा," त्या म्हणाल्या. "होडी दिसायला लागेल. मी दमल्यासारखं करते."

मी ओढलं. कसं ओढलं ते माझं मला माहीत. सुहास होडीच्या टोकावर उभा राहून इकडेच बघत होता, तोंड पांढरं पडलेलं. बाईंना वर घेतलं. त्यांनी ठरल्याप्रमाणे सोंग केलं. "अगं बाई, काय ती ओढ," म्हणत फळीवर टेकल्या. "ह्या भाऊंनी आणलं म्हणून आले."

मैत्रिणींनी मला हात जोडले. सुहासने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बरा झाला तू होतंस म्हणान," तो म्हणाला. "दुसरो कोण असतो तर आज काय खरा नव्हता."

इथे मी गप्प बसायचं होतं. बसलो असतो तर पाण्यातलं माझं काम शाबूत होतं. बाईंनी ते मला तबकात घालून दिलं होतं. पण मला ते दिलेलं सोसेना. मी काय भिकारी होतो? पाठीवरचा हात मी झटकून टाकला.

"मी नाय आणलंय," मी ओरडलो. "ह्या बाईन माका ओढून आणल्यान. माझा ढोपार अडाकला. रिंगेत घालून आणल्यान माका, पोरासारख्या. आणि वर सोंग करता. कोणी सांगितलं होतं तुम्हाला खोटं बोलायला? मागितलं होतं मी?"

बाई आपल्या फिन्स काढत होत्या, त्या काढतच राहिल्या. सुहासने नांगर ओढला, इंजिन चालू केलं. काठ जवळ आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्यापासून काठार रव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये मास्क धूत होतो. आमची शेड म्हणजे किनाऱ्यावरच चार खांब आणि वर पत्रा. एका कोपऱ्यात आमची आई, आये, स्टोव्ह घेऊन बसायची आणि पर्यटकांना चहा करून द्यायची. बाहत्तर वर्षांची, लुगड्यातली, कमी बोलणारी. काय झालं ते तिला कळलं होतं. तिने मला चहा दिला आणि काही विचारलं नाही, ह्याचाही मला राग आला.

नऊच्या सुमाराला वाळूतून डुलत डुलत बोल्लीबाई आल्या.

"कशाला आलात?" मी विचारलं.

"आमची गाडी दुपारी आहे. तुमचे पाय बघायला आले."

"तमाशा झाला ना काल? पोट नाही भरलं?"

"नाही भरलं," बाई म्हणाल्या आणि खोकं ओढून खाली बसल्या. खाली बसायला त्यांना दोन मिनिटं लागली. "तुम्ही काल खरं बोललात म्हणून आले. नसतात बोललात तर आले नसते. पाऊल दाखवा."

त्यांनी खोक्यातून एकेक जोडी काढायला सुरुवात केली. टाचेला पट्टा असलेल्या बाजूला केल्या. त्या सैल पडतात, मग माणूस बोटं आवळून धरतो, आणि तो ताण वर गुडघ्यापर्यंत जातो, असं म्हणाल्या. बुटासारख्या पूर्ण पावलाच्या तेवढ्या निवडल्या. त्यातल्या जड वगळल्या. मग एकेकीचं टोक वाळूवर टेकवून दाबत बसल्या. शेवटी एक जोडी राहिली. आखूड, मऊ, रंग उडून गुलाबी पडलेली. कुणा धिप्पाड बाईसाठी कधीतरी आणलेली असणार.

"मोजे घालून घातलीत तर मापात बसेल."

"ही बायकांची आहे."

"गुडघ्याला बाई-बुवा कळत नाही ओ. घाला."

मी घातली. का घातली, तर त्या बाईचं तोंड बंद करायला. कमरेएवढ्या पाण्यात गेलो, त्याही आल्या. कमरेतून पाय कसा हलवायचा ते त्यांनी मला धरून दाखवलं. मी त्यांचे दोन्ही हात धरून, मान वर काढून, पाय मारले. गुडघा दुखला, पण कालच्यासारखा नाही.

"मान वर काढलीत की कंबर बुडते, मग गुडघे वाकतात," बाई म्हणाल्या. "आता हात सोडा. तोंड पाण्यात घाला आणि नुसते पालथे पडा. काही करू नका. पडा."

"नाही."

"तीन फूट पाणी आहे खाली."

"नाही म्हटलं ना."

"घाबरता काय ओ? एवढे मोठे..."

मी त्यांना शिवी दिली. आईच्या वयाच्या नसल्या तरी मोठ्या बहिणीच्या वयाच्या बाईला. आजही ती शिवी आठवली की मान खाली जाते. त्यांचा चेहरा पडला. तेवढ्यात मागून पाणी तुडवत सुहास आला. होडी काठाला लावत असताना त्याने ऐकलं होतं. मला वाटलं, आता हा मला सगळ्यांसमोर झापणार. पण तो माझ्या आणि बाईंच्या मधे उभा राहिला.

"बाई, पुरे झालं," तो म्हणाला. "आमच्यात पाण्यावर पालथं पडत नाहीत. पालथं मढं पडतं."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आमचे बाबा तीन दिवस सापडले नव्हते," सुहास म्हणाला. "तिसऱ्या दिवशी हा आणि मी इथेच खेळत होतो. मी सात वर्षांचा, हा अकराचा. ह्यालाच आधी दिसले. कुणीतरी पोहतंय असं वाटलं ह्याला. हा हाका मारत पाण्यात गेला. हात लावून उलटं केलं तेव्हा कळलं. त्यानंतर आमच्यापैकी कुणाचं तोंड पाण्यात दिसलं की आईने काठीने फोडून काढलं आहे. हजारो माणसांना ह्याने मास्क लावून खालचे मासे दाखवले. स्वतः कधी चार श्वासांच्या वर तोंड खाली घातलेलं नाही. आणि तुम्ही त्याला..."

"तुका कोणी सांगल्यान बोलाक?" मी त्याच्यावर धावून गेलो. बत्तीस वर्षांत आम्ही दोघा भावांनी ही गोष्ट एकमेकांजवळ काढली नव्हती. आणि ह्याने ती एका परक्या बाईसमोर, भर उन्हात, पाण्यात उभं राहून सांगून टाकली. त्याने माझे दोन्ही दंड धरले. मीही त्याचे धरले. आम्ही एकमेकांना पाडायला निघालेलो. बाई म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं हो. मला खरंच माहीत नव्हतं." त्यांचा आवाज ऐकून मला जास्तच तिडीक गेली. कुणाची कीव नको होती मला. ना हिची, ना ह्याची. एवढी वर्षं पाण्यात काढली, लोकांची पोरंबाळं ओढली, आणि शेवटी काय, तर एक बाप पालथा पडला म्हणून मी जन्मभर उभा. गुडघे मोडेपर्यंत उभा.

मी सुहासला ढकलून दिलं, श्वास घेतला आणि पालथा पडलो.

आधी फक्त आवाज गेला. मग पांढरी वाळू दिसली, तिच्यावर माझीच सावली, हात पसरलेली. मी डोळे मिटणार होतो, मिटले नाहीत. सावलीत एक बारकं खेकड्याचं पिल्लू होतं, ते बिळात गेलं. मी कमरेतून पाय हलवला. एक, मग दुसरा. सावली पुढे सरकली. पुन्हा हलवला. गुडघे कुठे आहेत हेच मला कळेना. चार महिन्यांत पहिल्यांदा मला माझे गुडघे कळत नव्हते.

आणि कुणीतरी माझे केस धरून डोकं वर ओढलं.

आये होती. छातीपर्यंत पाण्यात, लुगडं फुगून वर आलेलं, एका हाताने माझे केस मुठीत आणि दुसरा हात वर. तिने मला थोबाडीत मारली. मग दुसरी. त्रेचाळीस वर्षांच्या, दोन मुलांच्या बापाला, किनाऱ्यावर पर्यटक बघत असताना. सुहास तिचा हात धरायला आला, त्यालाही एक बसली.

"बापाशीसारखो जातलंस काय रे मेल्या?" ती ओरडत होती. इतका मोठा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "माका परत तां दाखवतंस? माका?"

"आये, मी जितो आसंय," मी म्हटलं. "बघ माका. जितो आसंय."

"म्हायत आसा," ती म्हणाली. "माका म्हायत आसा मेल्या." तरी केस सोडेना.

बोल्लीबाई चार हातांवर पदराने तोंड दाबून उभ्या होत्या. सुहास गाल चोळत होता. हळूहळू आयेचा श्वास जागेवर आला. तिने माझ्या पायांकडे बघितलं. त्या गुलाबी फिन्सकडे.

"दुखला?" तिने विचारलं.

"गाल?"

"ढोपार."

"नाय," मी म्हटलं. "पालथो असताना नाय दुखला."

तिने माझ्या तोंडाकडे बघून घेतलं, खोटं बोलतोय का ते. मग केस सोडले. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, दोन्ही पाय वाळूत रोवले आणि पाण्यात नीट उभी राहिली.

"परत पड," ती म्हणाली. "मी हयसर बघतंय."